दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

"हेस, तुला यायचंय का गं? की घरीच जरा निवांत पडायचंय?"

रोझालिंडने हे इतक्या सहज विचारलं, जणू ग्रेव्हीचं भांडं इकडे सरकव म्हणत होती. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हेस्टरचा जीव मात्र एका क्षणात कानांत गोळा झाला! रविवारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. मधल्या मोठ्या बशीत एकच भाजलेला बटाटा उरला होता. 'तू घे', 'छे, तू घे' असं तिघी मायलेकींचं म्हणून झालं होतं, आणि आता तो दर रविवारप्रमाणे गार होऊन कचऱ्याच्या डब्यात जाणार, हेही ठरल्यासारखंच होतं. त्या बशीच्या भोवती तीन बड्या हॉटेलांची गुळगुळीत माहितीपत्रकं पसरलेली होती. मम्मीचं हृदय थकलं होतं. हा उन्हाळा हातचा सोडू नका, असं डॉक्टरांनी सूचकपणे सांगितलं होतं, आणि म्हणून लंडनहून खास आलेल्या रोझालिंडने जाहीर केलं होतं की मम्मीला एक आठवडा अशा हॉटेलात न्यायचं, जिथे राणीसारखी उठबस होईल.

'हो! हो, मला यायचंय! मला कुणी कधी कुठे नेलं नाही गं रोझ...' हेस्टरच्या अंतःकरणात हे शब्द अक्षरशः उसळून आले. आणि ओठांतून बाहेर पडलं ते भलतंच.

"छे गं, माझं काय! तुम्ही दोघी जा. बागेतल्या वाटाण्यांना पाणी कोण घालणार नाहीतर?"

आता रोझालिंड म्हणेल, 'वाटाणे गेले खड्ड्यात, तू चल!' निदान मम्मी तरी म्हणेल...

"बरं," रोझालिंड म्हणाली. "मग दोघींचंच बुकिंग करते."

झालं! संपलं!

या घरात मम्मीने दोन्ही मुलींना लहानपणापासून दोन नियम घोटवून शिकवले होते. पहिला, कुणी काही देऊ केलं की लगेच हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. आणि दुसरा, समोरच्याने एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, त्याला अवघडल्यासारखं होतं. दोन्ही नियम आपापल्या जागी किती सभ्य, किती सुसंस्कृत! पण हे दोन नियम एकाच टेबलाशी जेवायला बसले की कुणीतरी उपाशीच उठायचं, आणि ते कुणीतरी बहुधा हेस्टरच असायची.

मम्मीने हेस्टरकडे एकदाच पाहिलं. मग मांडीवरचा रुमाल उचलून तो कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करू लागली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "हेस्टरला विश्रांती हवीच आहे."

इतकी कोरडी! इतकी अलिप्त! जन्म जिच्यासाठी वेचला त्या आईच्या तोंडून हेच ऐकायचं होतं का?... हेस्टर उठली आणि बशा गोळा करू लागली.

"पण हॉटेल मात्र तूच निवड हं, हेस," रोझालिंड मागून म्हणाली. "मम्मीला काय लागतं, काय चालतं, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

"हो," मम्मी म्हणाली. "हेस्टरच निवडू दे. तिला आवडेल ते."

म्हणजे जायचं त्यांनी, आणि राबायचं मात्र हिने! हेस्टरने स्वयंपाकघरात जाऊन तो बटाटा डब्यात टाकला आणि नळ इतका मोठा सोडला की बाहेरच्या दोघींना तिचा हुंदका ऐकू जाऊ नये.

डेव्हनमधल्या त्या लहानशा गावात हेस्टरचं सगळं आयुष्य एका घरात, एका जिन्यावर वर-खाली करण्यात गेलं होतं. वडील गेले तेव्हा रोझालिंड कॉलेजात होती. तिचं शिक्षण थांबवायचं नाही म्हणून थोरली हेस्टर घरी राहिली. पुढे गावातल्या ग्रंथालयात नोकरी करताना डेस्मंड भेटला. उंच, लाजरा, पावसाळी बुटांतच सदा वावरणारा. त्याला न्यूझीलंडमध्ये काम मिळालं तेव्हा त्याने स्टेशनच्या चहाघरात तिला विचारलं होतं, "येशील का माझ्याबरोबर?" आणि ती म्हणाली होती, "मी कशी येऊ? मम्मी एकटी पडेल." त्याने मान डोलावली होती... तो सभ्य माणूस होता, त्यानेही पुन्हा विचारलं नाही! गाडी सुटेपर्यंत ती वाट पाहत राहिली होती. त्यानंतर तिने कशाची वाट पाहायचीच सोडून दिली, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

आणि आता ती रोज सकाळी मम्मीला औषध देऊन झालं की फोनशी बसायची आणि ज्या वैभवात आपलं पाऊल कधी पडणार नाही त्याची चौकशी करायची.

स्कॉटलंडमधला एक किल्ला होता. तिथल्या मुलीने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की सगळ्या खोल्या मनोऱ्यात आहेत, आणि जिना मूळचा, गोल, दगडी.

"लिफ्ट?" हेस्टरने विचारलं.

"किल्ल्यात, मॅडम?" ती मुलगी दुखावली.

दुसरं कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं, गुलाबांनी मढलेलं. पण तिथे न्हाणीचा टब खोलीच्या मधोमध, पलंगाच्या पायथ्याशी मांडलेला, सिंहाच्या पायांचा! मम्मीने तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"बिचारे!" ती म्हणाली. "नळ न्हाणीघरापर्यंत न्यायला जमलं नाही वाटतं त्यांना?"

दोघी एकदम हसल्या. अशा वेळी त्या दोघींचं काय छान जमायचं! आणि हसता हसताच हेस्टरला आठवलं की हा फोटो आपण तिला दाखवतोय तो तिच्या आणि रोझालिंडच्या प्रवासासाठी. तिने माहितीपत्रक मिटलं. मम्मीनेही मग पुढचं पान मागितलं नाही.

उरलं कॉर्नवॉलमधलं 'पेनहॅलो हाउस', खाडीच्या तोंडाशी उभं असलेलं. फोनवर सगळं गोड गोडच सांगतात म्हणून हेस्टरने एके दिवशी शेजारच्या मिसेस टॉलीला मम्मीपाशी बसवलं आणि स्वतः आगगाडी, मग बस करून तिथे गेली.

दारातला माणूस तिच्या जुन्या रेनकोटपुढेही तितक्याच अदबीने झुकला. खिडकीशी चहा आला. स्कोन नावाचे मऊ गोल पाव, घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा जॅम, तीन मजली रुपेरी स्टँडवर इवलीइवली सँडविचं. वाढणाऱ्या बाईने समोरच्या खुर्चीकडे पाहत विचारलं, "आणखी कुणी यायचंय का, डिअर?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "मी एकटीच."

मग तिथल्या व्यवस्थापिका मिस रोझवेअर तिला लिफ्टने वर खोली दाखवायला घेऊन गेल्या. हेस्टरने गाद्या दाबून पाहिल्या. न्हाणीत धरायला दांडा आहे का, कमोड फार खाली तर नाही, घंटी पलंगावरून हाताला लागते का, अंडं अगदी मऊ उकडून मिळेल का, सगळं विचारलं. खिडकीतून खाडी दिसत होती, भरतीचं पाणी हळूहळू नावांना उचलत होतं. दोन पलंग होते, पांढरेशुभ्र. इथे मम्मी निजेल, आणि तिथे...

"आणि दुसऱ्या पलंगावर तुम्ही का?" मिस रोझवेअरनी विचारलं.

"नाही. माझी बहीण."

"अरेरे! एवढं सगळं बघायचं तुम्ही, आणि यायचं त्यांनी?"

"मला काय, मी आत्ता पाहिलंच की सगळं," हेस्टर हसून म्हणाली.

खालच्या प्रसाधनगृहात मऊ पांढऱ्या टॉवेलांच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. हेस्टर तिथे दार लावून रडली, पोटभर रडली! आणि डोळे मात्र रेनकोटच्या बाहीला पुसले. ते टॉवेल आपल्यासाठी नाहीत, असं तिला वाटलं.

"सगळ्यांत चांगलं तेच आहे," घरी आल्यावर तिने मम्मीला सांगितलं.

"तुला आवडलं?" मम्मीने विचारलं.

"तुला सोयीचं आहे."

मम्मी काहीतरी बोलणार होती. मग तिने चहाच्या कपात साखर ढवळली, जी तिने घातलेलीच नव्हती.

जायच्या दिवशी रोझालिंडची मोठी गाडी दाराशी लागली. हेस्टरने औषधं, उशी, लोकरीची शाल, सगळं मागच्या सीटवर मांडून दिलं, कुठल्या गोळीनंतर काय खायला द्यायचं ते बहिणीला सांगितलं. इंजिन सुरू झालं. आणि अचानक मम्मीने काच खाली केली.

"हेस्टर!"

"काय मम्मी?" ती धावली. तिच्या सबंध देहाचे कान झाले होते!

मम्मीने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. रोझालिंड आरशात बघत होती.

"काही नाही," मम्मी म्हणाली. "दार नीट लावून घे. वाऱ्याने उघडतं ते."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. हेस्टरने दार नीट लावून घेतलं.

त्या रिकाम्या घरात तिने काय केलं? काहीच नाही. लोकांना वाटलं असेल, बाई सुटली एकदाची! मिसेस टॉली तर कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "चैन आहे बाई तुझी! पाय पसरून बस आता." हेस्टर टोस्ट उभ्याउभ्याच खायची. खुर्चीत बसली की वर मम्मीच्या काठीचा आवाज आला असं वाटून उठायची. आणि मग तिला राग यायचा, असा राग, की आपल्यात एवढा राग आहे हेच तिला आजवर ठाऊक नव्हतं! एकदा... फक्त एकदा 'तू चल' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? मी काय तिची दाई आहे? कपाटातल्या छत्रीसारखी, पाऊस आला की काढायची? रागापाठोपाठ लाज यायची, आणि लाजेपाठोपाठ पुन्हा ती भयाण पोकळी. आपण उद्या मेलो तर या दोघी बहुधा कुणालाही त्रास होणार नाही अशा बेताने रडतील, असं तिला वाटलं.

रोझालिंडचा फोन आला तेव्हा सकाळ होती, आणि हेस्टर वाटाण्यांना पाणी घालत होती.

"हेस... ये. लगेच ये. मम्मीला श्वास लागलाय. डॉक्टर येऊन गेले, हलवायला नको म्हणतात. तिलाही हॉस्पिटल नकोच आहे. हेस, मला काहीच कळत नाहीये गं..."

हेस्टर तशीच, मातीच्या बुटांनी निघाली.

'पेनहॅलो हाउस'च्या पायऱ्यांवर रोझालिंड उभी होती. नेहमी इतकी टापटीप, इतकी ठाम असणारी ही बाई! पण आज तिचे केस विसकटलेले होते, आणि थोरल्या बहिणीला पाहताच ती लहान मुलीसारखी तिच्या अंगावर कोसळली.

"का नाही आलीस तू? का नाही आलीस, हेस? हे सगळं तुझ्यासाठीच होतं!"

"काय?"

"ही कल्पना माझी नव्हती. मम्मीची! तू बाजारात गेली होतीस तेव्हा तिने मला फोन केला. म्हणाली, 'हेस्टरने उभ्या जन्मात काही सुख पाहिलं नाही, तिला एकदा छानशा ठिकाणी न्यायचंय. मी विचारलं तर ती माझ्याच तब्येतीचं निमित्त काढील, म्हणून तू विचार. आणि हॉटेल तिचं तिलाच निवडू दे.' मी फक्त गाडी चालवायला होते गं!"

हेस्टरने कठडा धरला.

"मग तू मला तसं का विचारलंस? 'यायचंय, की घरी पडायचंय' असं?"

"तू इतकी दमलेली दिसत होतीस! मला वाटलं, तुला मम्मीपासून चार दिवस सुटका हवी असेल आणि तोंडाने म्हणता येत नसेल. म्हणून मी तुला वाट मोकळी करून दिली..." रोझालिंड हुंदके देऊ लागली. "आणि तू नाही म्हणालीस! मम्मीला काय वाटलं असेल? गाडीत मला म्हणाली, 'तिला माझा कंटाळा आलाय, रोझ. साहजिकच आहे. निदान एक आठवडा तरी मोकळी राहू दे तिला.' म्हणून आली ती इथे! नाहीतर तिची इच्छाच नव्हती. रोज त्या खिडकीशी बसून राहायची. चहा घेऊन येईल त्याला, चादर बदलायला येईल तिला, सगळ्यांना तेच सांगायची, 'हे माझ्या थोरल्या मुलीने निवडलंय बरं का'."

"देवा..." हेस्टर एवढंच म्हणाली.

सगळ्या आयुष्याकडे तिने एका दृष्टिक्षेपात मागे वळून पाहिलं, आणि तिला धडकीच भरली. किती संध्याकाळी त्या दोघी एकाच दिव्याखाली बसून एकमेकींना त्रास नको म्हणून गप्प राहिल्या असतील!

"मी विचारायला हवं होतं पुन्हा," रोझालिंड म्हणाली. "मला माफ कर, हेस."

"मी हो म्हणायला हवं होतं," हेस्टर म्हणाली आणि तिने बहिणीचे डोळे पुसले. मग ती जिना चढून गेली.

मम्मी उशांना टेकून अर्धवट बसलेली होती. चेहरा लहान झाला होता. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. पावलं ओळखून तिने डोळे उघडले.

"तू कशाला धावत आलीस एवढी?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुझी विश्रांती..."

"नको मला विश्रांती!" हेस्टर गुडघे टेकून बसली आणि तो थंड हात तिने गालाशी धरला. "मला यायचं होतं, मम्मी! पहिल्यापासून यायचं होतं!"

मम्मी तिच्याकडे पाहतच राहिली.

"मग नाही का म्हणालीस?"

"तू पुन्हा विचारलं नाहीस."

 मम्मीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी वाहायला लागलं. हेस्टरने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, वडिलांच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही.

"मला वाटलं, मी तुझ्या गळ्यात पडलेय," मम्मी म्हणाली. "म्हातारीने आणखी किती लादायचं स्वतःला... त्या दिवशी काच खाली केली ना, तेव्हा म्हणणार होते, 'चल गं, बस गाडीत.' पण धीर झाला नाही. पुन्हा नाही म्हणाली असतीस तर..."

"मी तशीच बसले असते गं! चप्पल घालायलासुद्धा थांबले नसते!"

"वेड्याच आपण दोघी," मम्मी म्हणाली, आणि तिच्या ओठांवर ते मिस्कील हसू आलं, टबाच्या फोटोच्या वेळचं. "माझंच चुकलं. मीच तुम्हाला असं शिकवलं."

"बोलू नकोस आता. दमशील."

"नाही, आता विचारून घेऊ दे." तिने बोटं घट्ट केली. "हे हॉटेल तू माझ्यासाठी निवडलंस. दांडा, लिफ्ट, मऊ अंडं... सगळं बरोबर आहे. पण तुला कसलं हवं होतं? फक्त तुला? सांग, आपण दोघीच जाऊ."

हेस्टरने तोंड उघडलं, आणि तिला काही सांगताच येईना! मम्मीला उजव्या कुशीला किती उशा लागतात ते तिला ठाऊक होतं. रोझालिंडला चहा किती कडक लागतो, मिसेस टॉलीच्या मांजरीला कुठला मासा चालत नाही, तेही ठाऊक होतं. पण स्वतःला काय हवं? हा प्रश्न तिला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. ती आत आत शोधू लागली, आणि आत नुसत्या दुसऱ्यांच्याच आवडीनिवडी सापडत होत्या.

"मला कुठेही चा..." ती म्हणायला लागली, आणि थांबली. "नाही! थांब हं मम्मी. सांगते. आठवू दे जरा."

मम्मीने डोळे मिटले. ती ऐकत होती, चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

खाडीतलं पाणी ओसरायला लागलं होतं. हेस्टरच्या मनात हळूहळू, पार तळातून, काहीतरी वर आलं.

"समुद्र नको," ती म्हणाली. "समुद्र मला नाही गं आवडत, सारखा आवाज करतो. डोंगरात. लहानसं असलं तरी चालेल... नाही, लहान नको, चांगलं मोठं, थाटाचं हवं. आणि सकाळी मी उठायचंच नाही. पडदे दुसऱ्या कुणीतरी उघडायचे. नाश्ता पलंगावर, ट्रेमधून. अंडं मऊ नको, मला कडक उकडलेलं आवडतं. मी रोज तुझ्याबरोबर मऊच खाते, पण मला कडक आवडतं, मम्मी. आणि टोस्टवर मुरंबा, जाड, सालींचा..."

हातातली बोटं केव्हा सैल पडली ते तिला कळलं होतं. ती बोलतच राहिली, भरभर, अडखळत. तिच्या गालांवरून पाणी ओघळून त्या थंड हातावर पडत होतं. रोझालिंड दारातून आत आली, हेस्टरच्या शेजारी बसली. तिने मम्मीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हेस," ती हळूच म्हणाली, "मम्मी गेली गं."

"माहीत आहे मला," हेस्टर म्हणाली. "पण माझं सांगून झालेलं नाही."